न दिसणारा हायफन

लोखंड गंजतं, लाकडाला वाळवी लागते. सॉफ्टवेअर मात्र झिजत नाही. चार-पाच वर्षांपूर्वी सर्व्हरवर बसवलेलं पीएचपी ७.४ आजही बिट न् बिट तेच असतं. तरी ते दिवसेंदिवस अधिक धोकादायक होत जातं. जी वस्तू बदललीच नाही, ती बिघडते कशी?

पीएचपी म्हणजे वेबसाइटचा प्रोग्राम सर्व्हरवर चालवणारं यंत्र. जानेवारी २०१२ मध्ये, गोव्यात भरणाऱ्या नलकॉन परिषदेची हॅकिंग स्पर्धा चालू असताना, आइंडबाझन या डच चमूला त्यात एक भगदाड सापडलं आणि त्यातून शिरून त्यांनी चक्क स्पर्धेचा गुणफलकच काबीज केला! युक्ती अगदी छोटी होती. पीएचपी 'सीजीआय' पद्धतीनं चालत असेल, तर पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढे हायफन आणि एस लिहायचा. पान दाखवायचं सोडून सर्व्हर त्या पानाचा कोडच समोर ठेवी. हायफननं सुरू होणारा मजकूर म्हणजे मालकाची आज्ञा, असं पीएचपी समजत होतं. किमान ८ वर्षं हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मग दुरुस्ती झाली: प्रश्नचिन्हापुढे हायफन दिसला, तर तो मजकूर आज्ञा म्हणून पुढे जाऊ द्यायचा नाही.

१२ वर्षं हा पहारा टिकला. २०२४ मध्ये तैवानच्या डेव्हकोर कंपनीतल्या ऑरेंज त्साय या संशोधकानं तो ज्या वाटेनं चुकवला, ती वाचताना मी थक्क झालो. सॉफ्ट हायफन नावाचं एक चिन्ह असतं. शब्द ओळीच्या शेवटी तुटला तरच ते दिसतं, एरवी अदृश्य. संगणकाच्या लेखी त्याचा क्रमांक साध्या हायफनहून वेगळा, म्हणून पीएचपीच्या तपासणीत ते बिनबोभाट पार होतं. पण विंडोजला एक सवय आहे: एखादं अक्षर चालू लिपीसंचात नसेल, तर त्याच्याशी मिळतंजुळतं अक्षर ते स्वतःच बसवून टाकतं. चिनी किंवा जपानी भाषेत चालणाऱ्या विंडोजवर सॉफ्ट हायफनचा असाच साधा हायफन होतो, आणि तोही तपासणी उरकल्यानंतर. अडवलेली आज्ञा पुन्हा जिवंत! तिच्या जोरावर परका माणूस सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकतो. पीएचपीची तपासणी बरोबर होती, विंडोजची सोयही सद्हेतूनं केलेली. दोन्ही नीट चालत असताना त्यांच्या सांध्यात भगदाड पडलं.

६ जून २०२४ ला दुरुस्त आवृत्त्या आल्या: ८.३.८, ८.२.२० आणि ८.१.२९. दोनच दिवसांत हल्ले सुरू झाले, 'टेलयूदपास' या रॅन्समवेअरनंही ही वाट धरली. ८.०, ७ आणि ५ या मालिकांतही हेच भगदाड होतं, पण त्यांचा सांभाळ कधीच थांबला होता. ७.४ चा २८ नोव्हेंबर २०२२ ला, ५.६ चा २०१८ च्या अखेरीस. त्यांच्यासाठी दुरुस्ती आलीच नाही.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. पीएचपीचा कोड सर्वांसाठी खुला आहे. नव्या आवृत्तीत कोणती ओळ बदलली हे कुणीही वाचू शकतं, आणि ती ओळच सांगते की जुन्या आवृत्तीत शिरायचं कुठून. सांभाळ थांबलेलं सॉफ्टवेअर जागच्या जागी असतं, त्याच्याविषयी जगाला असलेली माहिती तेवढी वाढत जाते. प्रत्येक नवी दुरुस्ती जुन्याचा एखादा कच्चा दुवा चव्हाट्यावर आणते.

मग लोक नवी आवृत्ती का घेत नाहीत? याला नुसता आळस म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पीएचपी ७ मध्ये मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलणारी जुनी फंक्शन्स काढून टाकली गेली. त्यांच्यावर उभी असलेली साइट नव्या आवृत्तीवर नेली की बंद पडते, आणि ती लिहिणारा माणूस बहुधा केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो. कोड नव्यानं लिहायचा तर पैसे आणि वेळ लागतो, आणि साइट तर आज व्यवस्थित उघडते आहे. म्हणून ५.६ तसंच राहतं. होस्टिंगच्या पॅनेलवर आवृत्तीचा आकडा लिहिलेला असतो, तो पाहायला मिनिटही लागत नाही. पुढचं काम महिन्यांचं असू शकतं, पण त्याची सुरुवात त्या आकड्यापासूनच करावी लागते.