रात्रीत गच्चीवरचं गरम पाणी जातं कुठे?

नेहमीप्रमाणे या भागातलं बोलणं थोडं आवरून खाली उतरवलंय.

प्रश्न आमच्या माझगावातल्याच एका श्रोत्याचा आहे. १६ फ्लॅटची सोसायटी, गच्चीवर सोलर वॉटर हीटर. संध्याकाळी पाणी चटका बसेल इतकं गरम, सकाळी सहाला कोमट. वर काही घरांत थंडाच्या नळालाही कधीकधी कोमट पाणी. कमिटी म्हणते, पॅनल जुने झाले, बदलू. येत्या सभेत तसा ठराव आहे आणि वर्गणी घरटी निघणार. पॅनल खरंच गेलेत का, हे त्याआधी कसं कळणार?

माझं मत आधीच सांगतो. संध्याकाळी पाणी कडक तापत असेल तर पॅनल आपलं काम करतायत. तापलेलं पाणी रात्रीत कुठेतरी जातंय, ते शोधायचं.

गरम पाणी हलकं असतं हे शाळेत शिकलोय, पण किती? २० अंशांना एक लिटर पाणी साधारण ९९८ ग्रॅम भरतं, ६० अंशांना ९८३. फरक फक्त १५ ग्रॅमचा, पण बिनपंपाची सोलर सिस्टीम त्यावरच चालते. दिवसा पॅनलमधलं पाणी तापून वर टाकीत चढतं, टाकीच्या तळाचं थंड पाणी खाली पॅनलमध्ये येतं. यालाच थर्मोसायफन म्हणतात. आता रात्री बघा. पॅनल उघड्या आकाशाखाली गार पडतो, त्यातलं पाणी जड होतं. टाकी पुरेशी उंच असेल तर हे जड पाणी तळाशी नुसतं बसून राहतं. पण टाकी पॅनलच्या बरोबरीला किंवा खाली असेल तर ते टाकीच्या तळाकडे सरकतं आणि टाकीतलं गरम पाणी वरच्या पाइपातून पॅनलमध्ये ओढलं जातं. म्हणजे दिवसा गरम करणारा पॅनल रात्री थंड करायला लागतो. हजार लिटरची टाकी ६० वरून ४५ अंशांवर आली तर सुमारे १७ युनिट उष्णता गेली. ती सकाळी घराघरातल्या गीझरच्या बिलात भरून निघते.

थंड देशांत बॉयलर आणि रेडिएटरची घरं असतात, तिथे हेच उलटं दिसतं: पंप बंद, थर्मोस्टॅट बंद, तरी वरच्या मजल्यावरचा रेडिएटर भर उन्हाळ्यात गरम! भौतिकशास्त्र एकच.

तपासायला रात्री अकराला गच्चीवर जा. पॅनलच्या वरच्या टोकातून टाकीकडे जाणाऱ्या पाइपाला जपून हात लावा. टाकीपासून लांब, पॅनलजवळही तो गरम लागला तर संशय पक्का. मग एका रात्री फक्त खालचा, थंड बाजूचा कॉक बंद ठेवा आणि सकाळचं तापमान आदल्या दिवसाशी ताडून बघा. वरचा पाइप आणि हवेची नळी बंद करायची नाही. ऊन चढायच्या आत कॉक उघडायचा, नाहीतर पॅनलमध्ये वाफ होईल. तापमान टिकलं तर चोर सापडला.

उपाय काय? प्लंबर लगेच म्हणेल, एनआरव्ही टाकू. थांबा. पंपावर चालणाऱ्या सिस्टीममध्ये स्प्रिंगचा एनआरव्ही उत्तम. पण बिनपंपाच्या सिस्टीममध्ये दिवसाचा दाबच इतका नाजूक असतो की तो स्प्रिंगला उघडू शकत नाही, आणि मग दिवसाही पाणी तापणार नाही. तिथे टाकीचा तळ पॅनलच्या माथ्यापेक्षा फूटभर तरी उंच करणं हाच खरा इलाज. स्टँड आणि वेल्डिंगचा खर्च पॅनलच्या तुलनेत किरकोळ.

कॉक बंद ठेवूनही पाणी गार होत असेल, तर टाकीचं इन्सुलेशन किंवा घरातले मिक्सर बघा. थंडाच्या नळाला कोमट पाणी येतंय, त्यामुळे मिक्सरवर माझा दाट संशय आहे. मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे आणि पाणी फक्त हँड शॉवरच्या बटणाने थांबवलेलं असेल, तर गरम आणि थंड लाइन आतून जोडल्या जातात. ज्या बाजूला दाब जास्त, तिकडून पाणी दुसरीकडे घुसतं.

हे पकडायला गीझर सगळे बंद करा, टाकीचा गरम लाइनचा मुख्य कॉक बंद करा आणि तळमजल्यावर गरम पाण्याचा नळ सोडा. पाइपातलं पाणी संपलं की धार थांबायला हवी. थांबत नसेल तर थंड पाणी कुठल्यातरी घरातून गरम लाइनमध्ये येतंय. कोणाच्याही मिक्सरला हात लावू नका, आहे तसंच सापडायला हवं. आम्ही कोडमधला बग शोधताना करतो तेच करा: आठ घरांचे गरम लाइनचे कॉक बंद करा. धार थांबली तर दोषी त्या आठांत, नाहीतर उरलेल्या आठांत. मग चार, दोन, एक. चार फेऱ्यांत घर सापडतं. दोषी घरं दोन असली तर मात्र हे गणित फसतं, तेव्हा एक मिक्सर दुरुस्त झाला की पहिली चाचणी पुन्हा घ्या.

ठरावावर मत द्यायच्या आधी कमिटीकडे तीन रात्री मागून घ्या. संध्याकाळी सात आणि सकाळी सहा, दोन वेळचं टाकीचं तापमान वहीत लिहा आणि ती वही सभेत ठेवा.