अ‍ॅपमधली ‘१ वाटी वरण’ म्हणजे नेमकं किती?

कॅलरी किंवा प्रोटीन मोजणाऱ्या अ‍ॅपमध्ये ‘१ वाटी डाळ’ निवडली की लगेच आकडा येतो. नुकतीच जिम लावलेले असोत, की घरात कुणाला शुगर आहे म्हणून जेवण मोजणारे, सगळे त्या आकड्यावर विसंबतात. पण अ‍ॅपला ना तुमची वाटी माहीत, ना तुमचं वरण. आम्ही डेव्हलपर अशा ठिकाणी एक डिफॉल्ट आकडा भरून ठेवतो. तो तुमच्या पातेल्यातला नसतो.

मिलीचे ग्रॅम करणं सोपं आहे

वजन = आकारमान × घनता. १०० मिली पाणी म्हणजे १०० ग्रॅम. घोटलेल्या वरणात बहुतेक पाणीच असतं, म्हणून तिथेही १ मिलीला साधारण १ ग्रॅम धरलं तरी चालतं. निथळलेल्या उसळीत मात्र दाण्यांमध्ये हवा राहते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या डेटाबेसमध्ये शिजवलेल्या अख्ख्या मसुराचा १ कप (सुमारे २३७ मिली) १९८ ग्रॅम भरतो. म्हणजे मिलीला ०.८४ ग्रॅम.

तुमची वाटी किती मिलीची? डिजिटल काट्यावर रिकामी वाटी ठेवा, ‘टेअर’ बटण दाबून आकडा शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिली.

खरा घोळ पाण्याचा

समजा २०० ग्रॅम तूरडाळ शिजवली. घट्ट वरण झालं १००० ग्रॅम. पाहुणे आले, पाणी वाढवलं, झालं १६०० ग्रॅम. १५० ग्रॅमच्या एका वाटीत कच्ची डाळ किती आली?

घट्ट: १५० ÷ १००० × २०० = ३० ग्रॅम
पातळ: १५० ÷ १६०० × २०० = सुमारे १९ ग्रॅम

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रोटीन असतं. म्हणजे घट्ट वाटीत साधारण ६.५ ग्रॅम, पातळ वाटीत जेमतेम ४. वाटी तीच, वजनही तेच! कार्बचंही असंच होतं.

परभणीच्या कृषी विद्यापीठाचे तुरीचे दोन वाण आपल्याकडे ओळखीचे आहेत: पांढरी ‘बीडीएन ७११’ आणि लाल ‘बीडीएन ७१६’. डाळ कुठलीही असो, ती किती पाणी पिते हे पाठ करायची गरज नाही. आपलं पातेलं मोजलं की झालं.

शाळेतली खिचडी आठवते? पोषण आहाराच्या नियमात पहिली ते पाचवीसाठी रोज २० ग्रॅम आणि सहावी ते आठवीसाठी ३० ग्रॅम डाळ ठरलेली आहे. हे वजन कच्च्या डाळीचं आहे. पळीवर हिशोब ठेवला असता, तर पाणी वाढवूनही तो जुळला असता.

अ‍ॅपमध्ये असं भरा

१. शिजवण्याआधी कच्ची डाळ मोजा.
२. रिकाम्या पातेल्याचं वजन लिहून ठेवा.
३. फोडणी देऊन झाल्यावर भरलेलं पातेलं मोजा आणि रिकाम्याचं वजन वजा करा. गरम पातेल्याखाली लाकडी पाट ठेवा, तोही टेअर करा. काटा किती किलोपर्यंतचा आहे तेही बघा.
४. अ‍ॅपमध्ये ‘रेसिपी’ बनवा. त्यात कच्ची डाळ आणि तेल भरा. एकूण वजन १००० ग्रॅम असेल तर ‘सर्व्हिंग’ १० टाका. आता १ सर्व्हिंग म्हणजे १०० ग्रॅम. १५० ग्रॅम वाढून घेतलं, तर १.५ लिहा.

अ‍ॅपच्या यादीतून थेट डाळ निवडत असाल, तर ‘कच्ची’ की ‘शिजवलेली’ हे नीट वाचा. १५० ग्रॅम शिजलेलं वरण ‘कच्ची डाळ’ म्हणून नोंदवलं, तर ३३ ग्रॅम प्रोटीन दिसेल.

मेसमध्ये कच्ची डाळ मोजता येत नाही. तिथे वरण पातळ असेल, तर अ‍ॅपचा आकडा जास्तच दाखवतोय असं समजा. ६० किलोच्या माणसाला रोज सुमारे ५० ग्रॅम प्रोटीन लागतं, तेव्हा पातळ वरणाच्या दोन वाट्यांवर भागत नाही. सोबत उसळ, शेंगदाणे, दही किंवा अंडं असू द्या.