बत्तीस जीबीचं जंगल

नागझिऱ्याच्या जंगलात वाटेच्या दोन्ही अंगांना, ऐनाच्या नाहीतर सागाच्या बुंध्याला, गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन कॅमेरे समोरासमोर बांधलेले असतात. दोन अशासाठी, की वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीवरच्या पट्ट्यांशी जुळत नाहीत. एकाच बाजूचा फोटो हाती असला, तर पुढच्या खेपेला दुसऱ्या बाजूने दिसलेला वाघ तोच की वेगळा, हे सांगता येत नाही. प्रत्येक कॅमेऱ्याच्या पोटात सेलांची रांग आणि ३२ मिलिमीटर लांब, २४ रुंद, २.१ जाड असं एक एसडी कार्ड. समोरून काही ऊबदार हललं की कॅमेरा जागा होतो, लख्ख झोत पडतो आणि फोटो कार्डावर जातो. वाघ असो, चितळ असो, मोहफुलं वेचायला निघालेली बाई असो, कार्डाला सगळे सारखे.

गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरलेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३च्या डिसेंबरात जाहीर झाला. त्याचा गाभा सुमारे ६५३ चौरस किलोमीटरचा. वाघगणनेत जंगलाच्या दोन-दोन चौरस किलोमीटरच्या चौकटी पाडतात आणि चौकटीगणिक कॅमेऱ्यांची एक जोडी लावतात. या हिशेबाने एकट्या गाभ्यात सव्वातीनशे जोड्यांची जागा निघते. म्हणजे साडेसहाशे कार्डं. मेमरी कार्डाचा परिचय करून घ्यायला दुकानाच्या काचपेटीपेक्षा ही जागा बरी, कारण इथे कार्डाची खरी गरज उघडी पडते आणि तिचा जाहिरातीतल्या आकड्यांशी फारसा मेळ नसतो.

जाहिरातीतले आकडे डोळे फिरवणारे आहेत. एक टीबीचं कार्ड आता नवलाचं राहिलेलं नाही. २०२४ मध्ये वेस्टर्न डिजिटलने चार टीबीचं एसडी कार्ड जाहीर केलं. २०१८ मध्ये ठरलेल्या एसडीयूसी या प्रमाणात तर १२८ टीबीपर्यंतची सोय आधीच करून ठेवली आहे. जंगलात मात्र ३२ जीबी म्हणजे डोक्यावरून पाणी. भारतात सर्रास वापरल्या गेलेल्या कित्येक ट्रॅप कॅमेऱ्यांना त्याहून मोठं कार्ड चालतच नाही. ३२ जीबी ही एसडीएचसी या २००६च्या प्रमाणाची हद्द आहे. तिच्यापुढे कार्डावरची मांडणीच बदलते आणि जुन्या यंत्राला ती वाचता येत नाही. वनखात्याचं यात काही अडतही नाही. २०१८च्या अखिल भारतीय गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि त्यांनी ३,४८,५८,६२३ फोटो काढले. जगातली सर्वांत मोठी कॅमेरा ट्रॅप पाहणी म्हणून गिनेस बुकात तिची नोंद झाली. भागाकार केला तर एका ठिकाणाला सुमारे तेराशे फोटो येतात. एक फोटो दोन एमबीचा धरला, तरी दोन्ही कार्डांवर मिळून तीन जीबीही भरत नाहीत.

कार्ड आणि गोंदिया जिल्हा एका वयाचे आहेत. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी मिळून एसडी कार्डाची घोषणा केली. सुरुवातीची कार्डं ८, १६, ३२ आणि ६४ एमबीची होती. आजच्या चांगल्या कॅमेऱ्यातला एकच कच्चा (रॉ) फोटो ५० एमबीच्या घरात जातो. म्हणजे त्या काळच्या सर्वांत मोठ्या कार्डावर तो एकटा मावला असता, दुसऱ्याला जागा नव्हती.

त्याआधीही रानात कॅमेरे लागत होतेच. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२०च्या दशकात हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात वाटेवर तार ताणून वाघाकडूनच वाघाचे फोटो काढवून घेतले. तारेला पाय लागला, झगझगाट झाला, की त्या रात्रीचं काम संपलं. १९९०च्या दशकाच्या आरंभी उल्हास कारंत यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत पट्ट्यांवरून वाघ ओळखून त्यांच्या संख्येचा अंदाज बांधण्याची पद्धत रुजवली, तेव्हाही आत फिल्मचा रोल होता. छत्तीस फोटोंचा रोल चितळांचा एक मोठा कळप सकाळी दहा वाजायच्या आत संपवू शकतो. मग वाघ समोरून गेला तरी कॅमेरा आंधळाच. त्या काळात गणतीची सरकारी पद्धत पाऊलठशांची होती: काचेवर ठसा उतरवायचा, प्लास्टरचा साचा घ्यायचा आणि जाणकाराने सांगायचं की हा अमका वाघ. २००५च्या सुमारास राजस्थानच्या सरिस्कात वाघच उरले नसल्याचं उघड झालं आणि कागदावरच्या वाघांवरचा विश्वास उडाला. २००६पासून दर चार वर्षांनी होणारी नवी गणना आली ती या धक्क्यातून. तिला हजारो कॅमेरे परवडले, कारण रोल बदलायला धावण्याची गरज संपली होती.

कार्डाच्या आत फिरणारं, घासणारं काही नाही. जपानमध्ये तोशिबात काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांच्या डोक्यातून १९८०च्या दशकात निघालेली ही फ्लॅश मेमरी. सिलिकॉनवर अतिसूक्ष्म कप्पे असतात, प्रत्येकाभोवती विजेला अडवणाऱ्या थराची भिंत. जोर लावून इलेक्ट्रॉन आत ढकलले की वीज बंद झाल्यावरही ते आतच अडकून राहतात. आत किती आहेत, यावरून शून्य की एक ते वाचायचं. क्षमता वाढली ती दोन वाटांनी. आधी एका कप्प्यात एकाऐवजी दोन, मग तीन, मग चार बिट कोंबले. भरलेला की रिकामा एवढंच पाहायचं होतं, तिथे आता सोळा पातळ्या ओळखाव्या लागतात. जमिनीवर जागा उरली नाही तेव्हा कप्प्यांवर कप्पे रचायला सुरुवात झाली. २०१३ मध्ये सॅमसंगने २४ मजल्यांची चिप बाजारात आणली. आता मजले दोनशेच्या पुढे गेले आहेत.

याची किंमत चुकवावी लागते आणि ती डब्यावर ठळक छापलेली नसते. कप्पा पुसून पुन्हा भरताना भिंत दर वेळी थोडी झिजते. कप्प्यात जितक्या जास्त पातळ्या, तितकी ही झीज लवकर बाधते. शिवाय आतला विद्युतभार वर्षानुवर्षांत हळूहळू गळतो आणि उष्णतेने तो लवकर गळतो. पूर्व विदर्भाच्या मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या डब्यात कार्ड किती तापतं, ते वेगळं सांगायला नको. म्हणून कार्ड हे नेण्या-आणण्याचं भांडं समजावं, साठवणीचं नव्हे. घरोघरी लग्नाचे फोटो एकाच कार्डात किंवा पेन ड्राइव्हमध्ये कपाटात पडलेले असतात, ही मला चिंतेची गोष्ट वाटते.

विकत घेतानाही थोडं सावध असावं. ३२ जीबीचं कार्ड संगणकावर २९.८ दाखवतं, ही लबाडी नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि संगणक १०२४च्या. खरी लबाडी वेगळी असते. शे-दोनशे रुपयांत मिळणाऱ्या ‘दोन टीबी’च्या कार्डात बहुतेक वेळा अगदी लहान चिप असते, फक्त तिला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. खरी जागा संपेपर्यंत सगळं सुरळीत चालतं, पुढे जे जे भराल ते नाहीसं होतं किंवा आधीच्यावर लिहिलं जातं. नवं कार्ड एकदा काठोकाठ भरून, परत वाचून पाहणं हाच त्यावरचा उपाय.

या भागातल्या बहुतेकांनी मेमरी कार्ड पहिल्यांदा हाताळलं ते कॅमेऱ्यात नव्हे, मोबाइलमध्ये. नखाएवढं मायक्रोएसडी, २००४-०५ च्या सुमाराचं अपत्य. पुढची दहा वर्षं आठवडी बाजारात मोबाइलच्या दुकानासमोर जी गर्दी असे, ती ‘मेमरी भरून’ घेणाऱ्यांची. दुकानदाराच्या संगणकात फोल्डर लावलेले असत: जुनी हिंदी, भीमगीतं, गोंडी, छत्तीसगढी, झाडीपट्टीच्या नाटकांतली गाणी. कोणाला काय हवं ते तो सांगण्याआधी ओळखायचा. चार जीबीचं कार्ड भरलं की महिनाभराची सोय व्हायची, आणि नवं हवं असेल तर जुनं पुसावं लागायचं. २०१६ मध्ये जिओचं स्वस्त इंटरनेट आलं आणि हा धंदा पाहता पाहता बसला. त्या दुकानदारांच्या संगणकात कंपन्यांनी कधीच न काढलेली कितीतरी स्थानिक गाणी होती. संगणक भंगारात गेले तेव्हा त्यांच्यासोबत काय काय गेलं, याची यादी कोणी केलेली नाही.

सफारीच्या जिप्सीत बसलेल्या हौशी छायाचित्रकाराची गोष्ट निराळी. मोठ्या कार्डाची खरी गरज कोणाला असेल तर त्याला. आताचे मिररलेस कॅमेरे सेकंदाला वीस कच्चे फोटो घेतात. पन्नास एमबीचा एक धरला तर सेकंदाला एक जीबी. एसडीच्या यूएचएस-टू जातीची कमाल गतीच सेकंदाला ३१२ एमबी, म्हणून वाघीण रस्ता ओलांडेपर्यंत कॅमेऱ्याचं बफर तुंबतं आणि नेमकी ती वळून पाहते तेव्हा बोट दाबलेलं राहून जातं. यासाठीच महागडी सीएफएक्सप्रेस कार्डं आली. तिथे क्षमतेपेक्षा वेगाला किंमत आहे. अशा एका सकाळी दोन-तीन हजार फोटो सहज होतात. त्यातले पुन्हा किती पाहिले जातात, हा प्रश्न मी ओळखीच्यांना विचारणं सोडून दिलं आहे.

याच जंगलांत साठवणीची एक निराळी रीत होऊन गेली. मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी होते. ते रोजनिशी लिहीत. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात राहिले आणि त्याच नावाचं पुस्तक लिहून गेले. वहीत निवड आधी होते आणि नोंद नंतर. कार्डाने हा क्रम उलटा केला: आधी सगळं टिपायचं, मग निवडायचं. क्षमता वाढल्याने खरं काय बदललं असेल तर हे. फोटो टिपणं फुकट झालं आणि निवडण्याचा सगळा भार नंतरच्या डोळ्यांवर आला.

तो भार किती, ते गणनेच्याच आकड्यांत दिसतं. २०१८च्या साडेतीन कोटी फोटोंत वाघांचे ७६,६५१. म्हणजे साधारण ४५५ फोटोंमागे एक वाघ. २०२२ मध्ये ३२,५८८ ठिकाणी ४,७०,८१,८८१ फोटो निघाले, त्यांत वाघांचे ९७,३९९. प्रमाण ४८३ला एक. बाकीचं सगळं चितळ, रानडुकरं, गुरं, माणसं आणि गवताची पाती. उन्हाळ्याच्या दुपारी जमीनच प्राण्याच्या अंगाइतकी तापते, तेव्हा उबेवर चालणारा संवेदक गोंधळतो आणि कार्डावर नुसत्या हलत्या उन्हाचे फोटो जमतात. हे चाळायला पूर्वी माणसं बसत. आता भारतीय वन्यजीव संस्थेचं ‘कॅटरॅट’ नावाचं सॉफ्टवेअर प्राण्यांच्या जाती वेगळ्या करतं आणि दुसरं एक सॉफ्टवेअर वाघाच्या अंगाचा त्रिमितीय साचा मांडून पट्टे जुळवतं. शेवटचा होकार मात्र माणसाचाच.

या सगळ्या यंत्रणेचं नशीब वनरक्षकाच्या आणि वनमजुराच्या हातात असतं, हे अहवालात एका ओळीत आटपतं. कार्डाच्या कडेची इवलीशी कळ खाली सरकलेली राहिली तर ते लिहून घेत नाही. सेल बदलताना तारीख मूळपदावर गेली तर फोटोतला वाघ भलत्याच साली फिरताना दिसतो. कोणतं कार्ड कोणत्या चौकटीचं ही चिठ्ठी चुकली तर सगळा महिना वाया. एक टीबीचं कार्ड लावलं, तरी यातली एकही चूक टळत नाही.

उलट, नीट ठेवलेला जुना फोटो किती कामाला येतो याचं उदाहरण इथलंच आहे. नागझिऱ्यात जन्मलेला जय हा वाघ २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्याला पोहोचला. तो तोच, हे पट्ट्यांवरून ठरलं. एप्रिल २०१६ नंतर तो कोणाला दिसला नाही. कुठे वाघाचं कातडं पकडलं गेलं, तरी त्याचे पट्टे देशभरच्या याच संग्रहाशी ताडून पाहतात. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या भागातून दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या. त्यांच्या गळ्यात कॉलर होती. कॉलरची बॅटरी कधीतरी संपते. त्यानंतर वाघीण ओळखायची ती पट्ट्यांवरूनच.

कार्डावर माणसंही येतात, हे विसरून चालत नाही. कॅमेरे लागण्याचा हंगाम आणि मोहफुलं-तेंदूपानांचा हंगाम एकमेकांवर चढतात. उत्तराखंडात कॉर्बेटच्या परिसरात झालेला आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की तिथे सरपणाला जाणाऱ्या बायकांना या कॅमेऱ्यांची दहशत बसली. एकीचा फोटो समाजमाध्यमांवर फिरला आणि चिडलेल्या गावकऱ्यांनी कॅमेरे फोडले. ज्या फोटोंची गणनेला गरजच नाही, ते सर्वांत आधी आणि कायमचे पुसायला हवेत. नुसतं डिलीट दाबून भागत नाही, कारण त्याने फक्त यादीतलं नाव जातं. कप्पे पुन्हा भरले जाईपर्यंत फोटो परत मिळवता येतो.

बाकीचे ‘निरुपयोगी’ फोटो मात्र कोणी पुसले नाहीत, हे बरं झालं. वाघांसाठी लावलेल्या २०१८च्या त्याच कॅमेऱ्यांच्या फोटोंतून बिबट्यांची गणना निघाली: देशात १२,८५२, महाराष्ट्रात १,६९०. त्यासाठी वेगळा कॅमेरा बांधावा लागला नाही की वेगळं कार्ड. अस्वलं, सायाळी, उदमांजरं, चांदी अस्वलं आणि खवल्या मांजरं त्याच संचात आहेत.