पिट्युटरीतला क्षय

क्षयरोग म्हटला की खोकला आणि छातीचा एक्स-रे डोळ्यांपुढे येतो. पण क्षयाचे जंतू रक्तातून कुठेही पोहोचतात. क्वचित मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतही. वाटाण्याएवढी, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची ही ग्रंथी थायरॉइड, अधिवृक्क आणि जननग्रंथींचे काम चालवते. तिथे क्षयाची गाठ झाली की डोकेदुखी, थकवा, पाळी बंद होणे अशी लक्षणे दिसतात. शेजारच्या दृष्टीच्या नसांवर दाब आला तर नजर अंधूक होते. ग्रंथीच्या देठाला इजा झाली तर वारंवार लघवी होते आणि तहान शमत नाही.

फुप्फुसे मात्र निरोगी असू शकतात. एमआरआयमध्ये ही गाठ पिट्युटरीच्या नेहमीच्या साध्या गाठीसारखीच भासते. देठ जाड दिसला तर क्षयाची शंका घ्यावी. अनेकदा नाकावाटे शस्त्रक्रिया करून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच निदान होते.

उपचार आहेत: क्षयाची औषधे, बहुधा वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ, आणि कमी पडणारी हार्मोन्स. एक धोका मात्र विसरता कामा नये. रिफाम्पिसिन या क्षयाच्या औषधामुळे यकृतात कॉर्टिसॉल हे हार्मोन लवकर नष्ट होते. ते आधीच कमी असेल तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकते. म्हणून औषधे सुरू करण्यापूर्वी कॉर्टिसॉल तपासायला हवे. गाठ विरघळली तरी ग्रंथी पूर्ववत होईलच असे नाही. काहींना हार्मोनच्या गोळ्या आयुष्यभर लागतात. त्या कुणीही स्वतःहून बंद करू नयेत.