उंबरठ्यावरचं शुभ, जिन्यातलं भय

नवी बाइक घेतलीत? मग शोरूमच्या दारातच कुंकवाचं स्वस्तिक काढून झालं असेल. घराचा उंबरठा, दुकानाची नवी वही, लग्नाची पत्रिका... ते सगळीकडे आहे. इतकं, की आपल्याला ते दिसतही नाही. पण तेच घेऊन जर्मनीत उतरा, मामला एकदम सीरियस!

यावर आपलं ठरलेलं उत्तर: ‘छे, हिटलरचं उलटं होतं, आपलं सुलटं.’ कॉलेजच्या कट्ट्यापासून हेच ऐकत आलेय. पण नाझी झेंडा नीट बघा. त्याचेही हात आपल्यासारखे उजवीकडेच वळतात. फक्त ते ४५ अंशांत तिरकं, पांढऱ्या वर्तुळात काळं, आणि आपले चार ठिपके गायब. उलट जपानच्या नकाशांवर बौद्ध मंदिराची खूण म्हणून छापतात ते ‘मांजी’ डावीकडे वळतं. म्हणजे उलट-सुलटचा फंडा इथेच निकालात.

१८७०च्या दशकात हाइनरिश श्लीमानला ट्रॉयच्या उत्खननात स्वस्तिकं सापडली. पुढे जर्मन राष्ट्रवाद्यांनी ते ‘आर्य’ चिन्ह ठरवलं आणि १९२० मध्ये नाझी पक्षाने ते झेंड्यावर चढवलं. पुढची पंचवीस वर्षं हजारो वर्षांच्या अर्थाला पुरून उरली.

माझी एक मैत्रीण ऑनसाइट म्युनिकला गेली. आईने दिलेलं शुभ-लाभचं स्टिकर तिने हौसेने फ्लॅटच्या दारावर लावलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजी दारात. चिडल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. हिने गणपतीचा फोटो दाखवून सगळं समजावलं. आजींनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, पण जिना चढताना रोज मला ते बघावं लागतं. स्टिकर आत देवघरात गेलं.

जर्मन फौजदारी कायद्याच्या ८६-अ कलमाखाली बंदी असलेल्या संघटनांची चिन्हं जाहीरपणे मिरवली, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. रोख नाझींवर आहे, पूजेच्या ताटावर नाही. पण जिन्यातून जाणाऱ्याला हा फरक कळणार कसा? ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२२ मध्ये नाझी चिन्हावर बंदी आणताना हिंदू, जैन आणि बौद्धांच्या धार्मिक वापराला स्पष्ट सूट दिली. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो.

आणि आपण? २००६ मध्ये नवी मुंबईत खारघरला ‘हिटलर्स क्रॉस’ नावाचं रेस्टॉरंट उघडलं, पोस्टरवर स्वस्तिकासकट. ज्यू समाजाने निषेध केल्यावर काही दिवसांत नाव बदललं. हे ज्यू काही परग्रहावरचे नव्हेत. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायली आपल्यासारखंच मराठी बोलतात. शेजाऱ्यांच्या दारातलं स्वस्तिक ते पिढ्यान्‌पिढ्या बघत आलेत. खटकलं ते हिटलरला ‘कूल’ ब्रँड करणं.

बाय द वे, कॅनडाच्या ओंटारिओत स्वस्तिक नावाचं गाव आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. दुसऱ्या महायुद्धात सरकारने त्याचं नाव चर्चिलच्या मानाने ‘विन्स्टन’ ठेवलं. गावकऱ्यांनी पाटी उखडली आणि जुनीच लावली. नाव आम्ही आधी घेतलं, हिटलर गेला खड्ड्यात!