थंडीपासून दूर जाणारें घर

कॅनडांत नोव्हेंबर उजाडला कीं, पुष्कळ वृद्ध दांपत्यें घराला कुलूप लावून चाकांवरच्या दुसऱ्या घरांत प्रवेश करितात. निजण्याची जागा, चूल व पाण्याची टाकी ज्यांत सामावलेली असते, अशी ती मोटार दक्षिणेकडे धांवूं लागते. या प्रवाशांस तिकडे 'हिमपक्षी' म्हणतात.

अमेरिकेंतील ॲरिझोना राज्यांतलें क्वार्ट्झसाइट हें त्यांचें एक आवडतें ठिकाण. गांवाशेजारच्या सरकारी वाळवंटी जमिनीवर १९८३ सालीं दीर्घ मुक्कामाची सोय झाली. शुल्क भरून परवाना घेतला म्हणजे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असे सात महिने तेथें राहतां येतें.

वाटेंतील पहिली अडचण पाण्याची. पाणी गोठतांना सुमारें ९ टक्के फुगतें आणि त्या दाबानें नळ्या फुटतात. म्हणून थंड मुलूख ओलांडीपर्यंत नळ्या कोरड्या ठेवितात, अथवा त्यांत न गोठणारें द्रावण भरितात; पिण्याचें पाणी वेगळ्या भांड्यांतून नेतात.

दुसरी अडचण कालाची. ओंटारिओ प्रांताचा सरकारी आरोग्यविमा चालू राहण्यास बारा महिन्यांतील १५३ दिवस सामान्यतः प्रांतांतच काढावे लागतात. शिवाय अमेरिकेंतील उपचारांच्या खर्चापैकीं फारच थोडा भाग तो विमा उचलतो. उरलेल्यासाठीं निराळा विमा घ्यावा लागतो. साठी उलटलेल्या माणसास हा हिशेब चुकून चालत नाहीं.

उन्हाच्या शोधांत निघालेल्या या मंडळींस म्हणूनच नकाशाइतकेंच पंचांगही जवळ बाळगावें लागतें.