सोसायटीच्या आवारातला मळा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

बहुतेक सोसायट्यांत एक कोपरा असा असतो, की तो सगळ्यांचा असतो आणि म्हणूनच कोणाचाच नसतो. पुण्यातल्या आमच्या 48 सदनिकांच्या सोसायटीत तो इमारतीच्या मागं आहे. बांधकामाचा राडारोडा, मोडकी सायकल आणि कमरेएवढं गाजरगवत. तिथं फरशा बसवून चार गाड्या लावाव्यात, असा विषय वार्षिक सभेत आला, आणि आम्हां सात-आठ जणांना त्या जागेचा एकदम पुळका आला! भाजीचा मळा करतो म्हणालो. सभेनं एक वर्षाची मुदत दिली.

ऑक्टोबरात वाफे केले. मेथी, पालक, मुळा छान आला. मग मे महिना उजाडला. परीक्षा संपल्या, जो तो गावी गेला. आठ दिवस पाणी घालायला कोणीच नव्हतं. परत येऊन पाहतो तो वाफे करपलेले. त्यातच एका भोपळ्यावरून दोन घरांत अबोला. भाजी कशी लावायची हे आम्ही विचारून, वाचून शिकलो होतो. पाणी कोण घालणार आणि भोपळा कोणाच्या घरी जाणार, हे मात्र ठरवलंच नव्हतं. मुदतीचे चार महिने उरले होते. तेव्हा आम्ही आधी चटई टाकून बसलो आणि सगळं कागदावर लिहिलं. त्यातलं तुमच्या उपयोगाचं सांगतो.

पहिली गोष्ट जागेची. आवारातली मोकळी जागा संस्थेची असते. तळमजल्याच्या खिडकीसमोर आली म्हणून ती त्या घराची होत नाही. त्यामुळं सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. त्यात जागा किती, मुदत किती, पाणी कुठलं, हे स्पष्ट लिहा. अग्निशामक गाडीची वाट आणि ड्रेनेजची झाकणं मोकळी ठेवा. भिंतीला लागून वाफा करू नका, ओल आत शिरते. उन्हासाठी एखादं झाड तोडावंसं वाटलं, तर थांबा. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यापेक्षा सावलीत अळू, गवती चहा लावा. फळभाजीला मात्र पाच-सहा तास ऊन लागतंच.

दुसरी गोष्ट मातीची. इमारतीभोवती वर वर माती दिसते. हातभर खणलं की विटांचे तुकडे आणि सिमेंट. म्हणून खोल खणत बसू नका, जमिनीवरच वाफा उभारा. कडेला नुसत्या विटा रचायच्या. रुंदी तीन फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि पाय आत पडत नाही. तळाशी वाळका पाला, रसवंतीवरची वाळवलेली चिपाडं, मग कंपोस्ट आणि थोडी माती. शहरातल्या गच्चीवरही पालापाचोळ्यातून सुपीक माती तयार करता येते, हे कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारानं अनेकांना शिकवलं. ओला कचरा वेगळा ठेवणं तर 2016 च्या नियमांनी सगळ्यांनाच बंधनकारक केलं. एक घमेलं भाजीची देठं-सालं, त्यावर दोन घमेली वाळका पाला, आठवड्यातून एकदा वर-खाली. दोन-तीन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत मिळतं. वास मारू लागला, तर पाला कमी पडला असं समजावं. आमच्याकडं पूर्वी पाला जाळला जायचा. आता तो कमी पडतो!

तिसरी गोष्ट पाण्याची. पिण्याचं पाणी बागेला घातलं, की तक्रार आलीच म्हणून समजा, आणि ती रास्त असते. बोअर असेल तर उत्तम. नाहीतर तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी प्रत्येक घरानं बादलीतून आणावं. वाफ्यावर पाल्याचा जाड थर दिला, की पाणी बरंच कमी लागतं. पिंपांना झाकण हवं, कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्याला रिकाम्या व्हायला हव्यात; डेंग्यूचा डास अशा साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो.

आणि आता माणसं. वहीत वारांप्रमाणं पाळ्या लिहा, प्रत्येक पाळीला दोन घरं. गावी जाणाऱ्यानं आपला बदली माणूस स्वतः शोधून वहीत नाव लिहायचं. मे महिन्यात निम्मे वाफे रिकामे ठेवून नुसते झाकून टाकायचे. खणणं, खत वाहणं या जड कामाला महिन्यातून एकदा माळीबुवांना बोलवा, पण सगळंच त्यांच्यावर सोपवलंत, तर रहिवासी बागेत फिरकत नाहीत. तोडणी रविवारी सकाळी, सगळ्यांसमोर. पाळी करणाऱ्यांना सारखे वाटे. उरलेली भाजी इतर रहिवाशांना विकायची आणि पैसे बियाण्यासाठी. हिशेब फलकावर लावायचा. एक वाफा मुलांचा. तिथं त्यांनी मुळा उपटून पाहिला, तरी कोणी ओरडायचं नाही.

जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर आम्ही भेंडी, गवार, दोडका लावला. सप्टेंबरच्या सभेत फरशांचा विषय पुन्हा आला. बरीच वादावादी झाली. दोन गाड्यांपुरती जागा सोडावी लागली. बाकीची तीन वर्षांसाठी बागेला मिळाली. विशेष म्हणजे, भोपळ्यावरून अबोला धरलेली दोन्ही घरं बागेच्या बाजूनं बोलली. आज त्यांची पाळी एकाच दिवशी, गुरुवारी असते.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात, आणि पालेभाज्या लावायला ऑक्टोबरसारखा महिना नाही. सभेची नोटीस 14 दिवस आधी निघते. त्याआधी सचिवांकडं लेखी अर्ज द्या आणि विषयपत्रिकेत बागेचा विषय घ्यायला सांगा. बियाणं त्यानंतर आणलं तरी चालेल.